किल्ली माझ्याच खिशात होती

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेशंट रात्रभर कण्हत होता, वॉर्डच्या कपाटात मॉर्फीन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक, होतं, पण रजिस्टरची भानगड नको म्हणून सिनिअरने ट्रॅमाडॉल या सौम्य वेदनाशामकावर भागवायला सांगितलं. आणि तू ‘सर, नियमच कडक आहेत’ असं लिहून मोकळा झालास. कुठला नियम? कायदा स्वतः वाचलास का?

मीही वाचला नव्हता. 1985 साली एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा आला. आमच्या कानावर एवढंच पडलं की किमान दहा वर्षं सक्तमजुरी, बहुतेकदा जामीनही नाही. एक गोळी हिशेबात कमी भरली तरी आत, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. परवाने इतके, की एकाची मंजुरी येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. औषध दुकानदारांनी माल ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकत होती, परदेशी जात होती. इथे मात्र आधी वर्षाला पाचशे-सहाशे किलो लागणारं मॉर्फीन 1997 साली 18 किलोवर आलं. गर्द विकणाऱ्यांचं यात काय बिघडलं, सांग?

जबड्याच्या कॅन्सरचे एक गृहस्थ होते. बोलता येत नव्हतं, पाटीवर ‘दुखतं’ लिहायचे. मी पॅरासिटामॉल लिहून दिलं. मॉर्फीनच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती, नोकरी कच्ची होती, वरचे म्हणाले, नको त्या फंदात पडू नकोस. ही कारणं खोटी नव्हती रे. पण कायदा मी वाचला नव्हता. त्यात वैद्यकीय वापराला मुभा पहिल्यापासून होती.

2014 साली दुरुस्ती झाली. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या संस्थेला आता ते पूर्वीचे ढीगभर परवाने लागत नाहीत. हे तुझ्या सिनिअरला माहीत नसेल, तर दोष त्याचा. पण तुलाही माहीत नाही, हे मला चालणार नाही. ऐकीव भीतीवर पेशंट परत पाठवायचा नाही. वाच. स्वतः वाच.

उद्या फार्मसीत जाऊन मान्यतेचा कागद बघायला माग. रजिस्टर स्वतः भर, शिल्लक मोजून सही कर. आणि मॉर्फीन सुरू करशील तेव्हा पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठाचं औषध जोडीला लिही, ते सगळे विसरतात.