डोक्यावर गडगडाट, अहवाल कोरा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडात विमान चालवायला शिकतो आहे. परवा फोनवर सांगत होता, "बाबा, आम्ही हँगरबाहेर उभे होतो. दक्षिणेला काळाकुट्ट ढग, गडगडाट स्पष्ट ऐकू येत होता आणि विमानतळाच्या स्वयंचलित हवामान अहवालात त्याचं नावसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी उलटंच. ऊन पडलंय, धावपट्टी कोरडी, आणि अहवाल म्हणतो, गडगडाटी वादळ." मी बँकेत नोकरी केलेला माणूस. हिशेबात चूक दिसली की सापडेपर्यंत झोप लागत नाही. हे यंत्र चुकतं कुठे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : चुकतं कुठे ते सांगतेच, पण आधी तुमची एक समजूत दूर करते. ते यंत्र गडगडाट ऐकत नाही. त्याला कानच नाहीत.

गंमत अशी की गडगडाटी वादळाची नोंद ही मुळात कानाची नोंद आहे. विमानतळाच्या अहवालाला आम्ही हवामान कक्षातली माणसं 'मेटार' म्हणतो. त्यात 'टीएस' ही दोन अक्षरं कधी लिहायची, तर गडगडाट ऐकू आला की. वीज दिसली नाही तरी चालेल, पाऊस पडला नाही तरी चालेल. आंतरराष्ट्रीय पद्धतीत शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 10 मिनिटं शांतता गेली की वादळ संपलं असं धरतात, अमेरिकेत 15 मिनिटं. मी नोकरीत होते तोवर हे सगळं कानाने, घड्याळाने आणि नोंदवहीने चालायचं. गडगडाट सुरू झाला की अर्ध्या तासाच्या नेहमीच्या अहवालाची वाट न पाहता वेगळा विशेष अहवाल सोडायचा.

तुमच्या मुलाच्या विमानतळावर हे काम माणूस करत नसावा. तिथल्या छोट्या विमानतळांवर 'एसॉस' नावाची यंत्रणा असते. 1990 च्या दशकात ती देशभर बसवली. वाऱ्याला वेगळं यंत्र, ढगाच्या उंचीला वेगळं, दृश्यमानतेला वेगळं. गडगडाटाला मात्र बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे काहीच नसतं. ती माहिती बाहेरून येते, विजा टिपणाऱ्या देशव्यापी जाळ्याकडून. वीज पडली की रेडिओलहर सुटते. घरी जुना रेडिओ असेल तर वळवाच्या संध्याकाळी मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावून पाहा. वीज चमकली की त्याच क्षणी बातम्यांत 'खर्र' होतं. ते 'खर्र' शंभराहून जास्त ठिकाणी टिपायचं, प्रत्येक ठिकाणी ते नेमकं किती वाजता पोचलं हे अतिसूक्ष्म घड्याळाने मोजायचं आणि वेळांच्या फरकावरून वीज कुठे पडली ते काढायचं. मग संगणक नकाशावर विमानतळाभोवती वर्तुळं आखतो. वीज 5 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 9 किलोमीटरच्या आत असेल तर 'टीएस'. 5 ते 10 मैलांत असेल तर 'व्हीसीटीएस', म्हणजे परिसरात वादळ. 10 ते 30 मैलांत असेल तर शेवटी नुसता शेरा, की अमुक दिशेला लांब वीज.

आता तुमच्या मुलाचा पहिला दिवस घ्या. ढग डोक्याजवळ, गडगडाट ऐकू येतोय आणि अहवाल गप्प. एक शक्यता अशी की विजा ढगातल्या ढगात होत होत्या. अशा विजांचा रेडिओ संकेत जमिनीवर पडणाऱ्या विजेच्या मानाने दुबळा असतो. हे जाळं सुरुवातीला मुख्यतः ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या विजांसाठीच उभारलेलं होतं. आणि नव्या वादळाच्या पहिल्या विजा बहुतेकदा ढगातल्याच असतात. म्हणजे वादळ जन्माला येतं तेव्हा, वैमानिकाला त्याची खबर सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच, यंत्र जरा उशिरा जागं होतं.

दुसरी शक्यता तुम्हाला, बँकवाल्या माणसाला, लगेच कळेल. पासबुकात नोंद नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही असं तुम्ही कधी म्हणालात का? प्रिंटर बंद असेल, लाइन गेली असेल. इथेही तसंच आहे. विजांच्या जाळ्याशी संपर्क तुटला की अहवालात गडगडाटाची जागा कोरी राहते, पण अगदी शेवटी, शेऱ्यांच्या शेपटीत, 'टीएसएनओ' असं लिहून येतं. त्याचा अर्थ 'गडगडाट नाही' असा नाही. 'गडगडाटाची माहिती मिळत नाही' असा आहे. शिकाऊ मुलं वारा वाचतात, ढग वाचतात आणि शेपटी वाचायच्या आत फोन खिशात टाकतात. मुलाला विचारा, त्या दिवशीच्या अहवालाची शेपटी पाहिली होतीस का?

ढगांचंही तेच. तिथलं ढगाची उंची मोजणारं यंत्र सरळ वर लेसर मारतं आणि 12,000 फुटांपर्यंतचंच सांगतं. त्याच्या वर ढगाचा भला मोठा पसारा असला तरी अहवालात 'आकाश मोकळं' असं येऊ शकतं. आंतरराष्ट्रीय स्वयंचलित अहवालात यासाठी 'एनसीडी' असा संकेत आहे, म्हणजे 'ढग आढळला नाही'. 'ढग नाही' असं तो म्हणत नाही. मला हा संकेत फार आवडतो. कोर्टात साक्ष द्यायला उभा राहिला तरी याला कुणी खोटं पाडणार नाही!

दुसऱ्या दिवशीचं ऊन आणि 'टीएस' हे तर नियमाप्रमाणेच आहे. शेवटची वीज वर्तुळात पडली, ढग पुढे सरकला, ऊन आलं. पण 15 मिनिटं अजून व्हायची आहेत, तोवर शिक्का कायम. शिवाय वर्तुळ धावपट्टीच्या टोकापासून मोजत नाहीत, विमानतळाच्या एका ठरलेल्या बिंदूपासून मोजतात. वीज 8 किलोमीटरवर पडली तरी 'टीएस', आणि 8 किलोमीटर म्हणजे विलेपार्ल्याहून जवळजवळ दादर. दादरला पाऊस आहे म्हणून तुम्ही पार्ल्यात दोरीवरचे कपडे काढता का?

काही ठिकाणी जाळ्याऐवजी विमानतळावरच एकट्याने काम करणारं विजेचं यंत्र असतं. त्याची तऱ्हा आणखी वेगळी. एकटं असल्यामुळे ते संकेताच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतं. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी एकच पोरगा ताशा वाजवत असतो आणि चार गल्ल्या पलीकडे अख्खं ढोलपथक. डोळे मिटून सांगा बघू, जवळ कोण? दांडगी वीज लांब पडली तरी यंत्राला जवळची वाटते, आणि किरकोळ वीज जवळ झाली तरी लांबची.

 

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, माणूसच बरा. थांबा. एकतीस वर्षं मी विमानतळांवरच्या हवामान कक्षांत काढली, त्यातली एक रात्र सांगते. कुठला विमानतळ ते विचारू नका. जूनचा पहिला आठवडा, रात्रपाळी, पहाटेचे 3 वाजून 10 मिनिटं. नोंदवहीत जागतिक वेळ लिहायची असते, म्हणून मी लिहिलं 21:40. लांबून गुडगुड ऐकू आली होती. खोल, लांबलचक, शेवटी विरत गेलेली. विशेष अहवाल सोडला. पाचेक मिनिटांनी पुन्हा गुडगुड. तेवढीच लांब, तेवढीच मोठी, शेवटी तशीच विरलेली. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण दोन गडगडाट कधी सारखे नसतात. गच्चीवर धावले तर वर लख्ख चांदणं. खाली एक ट्रॅक्टर मालाचे रिकामे ॲल्युमिनियमचे डबे ओढत चालला होता आणि काँक्रीटच्या सांध्यावरून प्रत्येक डबा गेला की गुडगुड व्हायची. दुरुस्तीचा अहवाल पाठवला. सकाळी आमचे साहेब नोंदवहीवरून मान वर न करता म्हणाले, "ऐकलंत ते ठीक, मॅडम. वर पाहिलं होतंत का?"

यंत्र ट्रॅक्टरला फसत नाही, एवढं त्याचं कौतुक करायलाच हवं. विमानांच्या आवाजालाही फसत नाही. मी मात्र जेट सुटत असताना कित्येकदा खिडकीतून वीज पाहिली आणि गडगडाट ऐकायला मिळालाच नाही. गोंगाटाच्या विमानतळावर गडगडाट जेमतेम 8 ते 10 किलोमीटरवरूनच ऐकू येतो. यंत्राची वर्तुळं एवढ्याच मापाची का, हे आता ध्यानात येईल.

तर मुलाला सांगा, अहवालावर 'ऑटो', म्हणजे यंत्राने केलेला, असं लिहिलंय का ते आधी बघ, मग शेपटी वाच, मग रडारचं चित्र बघ. टॉवर असेल तर टॉवरला विचार. आणखी एक. उतरणारं विमान धावपट्टीच्या 15 किलोमीटर आधीपासून सरळ रेषेत येत असतं. वादळ वर्तुळाबाहेर पण नेमकं त्या रेषेवर असेल तर अहवाल म्हणेल 'परिसरात', आणि विमान असेल वादळाच्या पोटात. फ्लोरिडात दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचं वारं आत येऊन भिडतं, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी हे रोजचंच. अमेरिकेतल्या सर्वांत जास्त गडगडाटाच्या राज्यांत पोरगा शिकतोय. शिकून येईल तेव्हा आपल्या ऑक्टोबरला भिणार नाही.

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात आमच्या इमारतीवर विजा नुसत्या कडाडत होत्या, मुलं कॉटखाली शिरली. फोनवर मुंबई विमानतळाचं हवामान पाहिलं तर फक्त 'परिसरात वादळ'. आणि एकदा फोन म्हणाला 'थंडरस्टॉर्म', मी धावत जाऊन पापड गोळा केले, तर थेंबही पडला नाही. विश्वास ठेवायचा कशावर?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं काम झालं. मुलुंड विमानतळापासून हवाई अंतराने साधारण 13 किलोमीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय नियमात 'परिसर' म्हणजे 8 ते 16 किलोमीटर. त्यात मुलुंड येतं, वाशी येते, बोरिवली आणि ठाणे काठावर येतात. कुलाबा तर त्याच्याही बाहेर. तेव्हा तुमच्या डोक्यावरचं वादळ विमानतळाच्या हिशेबात 'परिसरात'च आहे. त्यांचा अहवाल वैमानिकासाठी असतो, मुलुंडच्या पापडांसाठी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला आणि कुलाब्याला 73. एका ठिकाणच्या नोंदीवरून अख्ख्या मुंबईचं आभाळ कळत नाही, हे त्या दिवसानंतर तरी आपल्याला वेगळं सांगायला नको.

कोरड्या 'थंडरस्टॉर्म'बद्दल आपली म्हण आहेच, गर्जेल तो पडेल काय. नियमात पावसाची अटच नाही. विजेपुरतं पाहायचं असेल तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, तुमच्या ठिकाणापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांचा इशारा त्यावर येतो. पापडांसाठी मात्र खिडकीच बरी. वारा एकदम थंड झाला आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं उठली की मी दोरीकडे धावते. याला शास्त्राचा आधार अर्धाच आहे, थंड वाऱ्यापुरता. वादळाच्या ढगातून खाली येणारी गार हवा पावसाच्या पुढे धावते. कबुतरांचं माझं मी बघते.

प्रश्न : मी आठवीत आहे. जुलैत एवढा पाऊस पडतो तरी गडगडाट का होत नाही? आणि वीज किती लांब पडली ते कसं मोजायचं?
— एक विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर : अगदी होत नाही असं नाही, पण कमी होतो, हे तू बरोबर टिपलंस. वीज तयार व्हायला ढगात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळाव्या लागतात. त्यासाठी ढग खूप उंच जायला हवा, हवा शून्य अंशाखाली जाते त्याच्याही बराच वर. आपल्याकडे ती पातळी साधारण साडेपाच किलोमीटरवर असते. मे-जून आणि ऑक्टोबरात जमीन तापते आणि ढग तेवढे उंच चढतात. जुलैत समुद्रावरून येणारे ढग बऱ्याचदा खालीच पाऊस पाडून मोकळे होतात.

मोजायचं असं. वीज चमकली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं म्हणत सेकंद मोज, गडगडाट ऐकू आला की थांब आणि तीनाने भाग. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. गच्चीवर मोजायचं नाही, घरात बसून. आणि मोजता मोजता रस्त्यावरून रिकामा टेम्पो गेला तर तो आकडा खोड. मी एकदा खोडला आहे.