पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणे सुरक्षित असते का?

तुमचे वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष झाले, रात्री घामाने अंथरूण भिजते, डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या आणि जाऊबाईंनी मात्र कॅन्सरची भीती घातली, असे तुम्ही लिहिले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आपल्याकडे वैशाखात सगळे घरच घामाघूम असल्याने बायका हा त्रास उकाड्यावर ढकलतात. परंतु पंख्याखाली बसलेले असताना छातीतून चेहऱ्यापर्यंत झळ चढते, काही मिनिटांत ओसरते आणि मागाहून हुडहुडी भरते, तेव्हा ते कारण हवेत नसून कमी झालेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये असते.

जाऊबाईंची भीती निराधार नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखे काम करणारे औषध) एकत्र देण्याचा भाग २००२ साली मुदतीआधी थांबवावा लागला, कारण दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आणि पक्षाघाताचे प्रत्येकी ८ रुग्ण अधिक आढळले. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रसंग मात्र ५ने घटले. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर मोठा असताना आणि अन्य धोका नसताना उपचार सुरू केले, तर बहुतेकींच्या बाबतीत लाभाचे पारडे जड ठरते. केवळ हृदय जपण्यासाठी मात्र ते घेऊ नयेत.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: तुमची गर्भपिशवी आहे की काढलेली आहे? पिशवी असताना नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास तिचे आतले अस्तर जाड होत जाऊन तेथे कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते; पिशवी नसेल, तर सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगणाऱ्या अनेक जणींना अंडाशय ठेवले की तेही काढले हे ठाऊक नसते, म्हणून शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत. २०२१च्या पुरात चिपळूणच्या कितीतरी घरांतले असे कागद गेले. कागद नसले, तरी पिशवी आहे की नाही एवढे सोनोग्राफीत कळते.

स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल, तर या गोळ्या टाळाव्यात. रक्तदाब व साखर यांची तपासणी आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आधी करून घ्यावी. त्वचेवर लावायच्या जेलने किंवा पट्टीने गुठळीचा धोका तोंडी गोळ्यांइतका वाढत नाही, तेव्हा तो पर्याय डॉक्टरांना अवश्य विचारा. त्रास केवळ योनीच्या कोरडेपणाचा असेल, तर तेथे लावायचे इस्ट्रोजेनचे मलम पुरेसे होते आणि ते रक्तात फारच थोडे उतरते.

सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडे डाग दिसू शकतात, परंतु सहा महिन्यांनंतरही रक्त जात राहिले किंवा नव्याने जाऊ लागले, तर लगेच तपासून घ्या, आणि जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणत राहू नका. निदान वर्षातून एकदा डोस आणि गरज दोन्ही डॉक्टरांसमोर बसून ठरवा.