खबऱ्याचा चेहरा कुठाय?

प्रिय,

तुझ्या सुपरहिरो कॉमिकचा २४ पानांचा कच्चा आराखडा पाहिला. रेषेवर हात बसलाय. नायक मात्र अजून नुसता रागीट आहे, गुंतागुंतीचा झालेला नाही. पहिली ३ पानं त्याच्या बालपणावर गेलीत: घर जळतं, बहीण जाते, तो गच्चीवर एकटा बसतो. त्यातून कणव येते, पेच उभा राहत नाही. दुःखाने कृत्याचं कारण कळतं, ते कृत्य क्षम्य ठरत नाही. पण वाचक या दोन्हींची सरमिसळ फार लवकर करतो. ३ पानांच्या जागी ३ चौकटी पुरतील, त्याही दहाव्या पानानंतर. तोवर वाचकाने त्याच्याबद्दल काहीतरी मत बनवलेलं असू दे.

खरी अडचण बाराव्या पानावर आहे. तो खबऱ्याची बोटं मोडतो, आणि तिथे खालून वर बघणारा कोन, मागून उजेड, दोन तृतीयांश पानभर एकटा तोच. चित्राने निकाल देऊन टाकला! मग सतराव्या पानावर संवादाच्या फुग्यात ‘मी चुकलो का?’ लिहून उपयोग नाही. चित्र आणि शब्द भांडले की चित्रच जिंकतं.

हेच पान ६ सारख्या चौकटींत करून बघ, नजरेच्या पातळीवरून. तिसरीत फक्त हात. चौथीत खबऱ्याचा चेहरा, एकही शब्द नाही. पाचवीत नायक, नजर दुसरीकडे. सहावीत पत्ता मिळतो, आणि तो पत्ता बरोबर निघायला हवा. चुकीचा निघाला तर वाचक सुटला: छळ वाईट, शिवाय निरुपयोगी. बरोबर निघाला की त्या मोडलेल्या बोटांचा फायदा वाचकालाही झालेला असतो. विसाव्या पानावर एका कोपऱ्यात तोच खबऱ्या प्लास्टरमधल्या हाताने शर्टाचं बटण लावायची खटपट करताना दिसू दे. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ हे कॉमिक (१९८६-८७, १२ अंक) या नजरेने पुन्हा चाळ. बहुतेक पानं ९ चौकटींच्या जाळीवर आहेत. मुखवटेवाला आणि कोपऱ्यावरचा पेपरवाला, दोघांना जागा सारखीच. तरीही रॉर्शाख, त्यातला स्वतःच शिक्षा देत फिरणारा मुखवटेवाला, निसटला. त्याची रोजनिशी कॅप्शनमधून, म्हणजे चौकटीतल्या निवेदनाच्या पट्टीतून, येते, म्हणजे वाचक त्याच्या डोक्यात राहायला जातो. मूरने तो धोक्याची सूचना म्हणून रंगवला होता; कित्येकांनी त्यालाच आदर्श मानलं. प्रथमपुरुषी कॅप्शन ही सहानुभूतीची उधारी आहे. तुझ्याकडे सगळी कॅप्शन नायकाचीच आहेत. निम्मी काढ, दोन-चार त्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात लिही.

शेवटही नीट वाच. अणुयुद्ध टाळायला ओझिमँडियस, त्यातलाच एक माजी सुपरहिरो, लाखो माणसं मारतो, बाकीचे गप्प राहायचं ठरवतात, आणि खोटं बोलायला नकार देतो तो एरवी भयानक असलेला रॉर्शाख. तिथे कोणाचीच बाजू पूर्ण सोडवत नाही. असा प्रसंग तुझ्या कथेत एक जरी आला तरी पुष्कळ.

तुझ्या दुसऱ्या पात्राबद्दल, त्या सज्जन सुपरहिरोबद्दल, थोडंच. ‘मी मारणार नाही’ हा नियम त्याला फुकटात मिळालाय. त्याने जिवंत सोडलेला गुंड पुढे कुणाला तरी मारतो का? मारत असेल तर त्या माणसाला नाव दे, एक चौकट दे. नियम तरीही मोडायचा नाही, हे त्याने त्या चौकटीनंतर ठरवायला हवं.

मुखवट्यावर फार वेळ घालवलायस, म्हणून हेही सांगतो. मार्व्हल कॉमिक्समधला पनिशर १९७४ मध्ये आला तो स्पायडरमॅनला मारायला निघालेला माणूस म्हणून. पुढे त्याच्या छातीवरचं कवटीचं चिन्ह अमेरिकेत पोलिसांच्या गाड्यांवर दिसू लागलं, आणि त्याच्या जनकांपैकी एक, जेरी कॉनवे, यांनी या वापराला उघड विरोध केला. चिन्ह देखणं असलं की ते कथेला मागे टाकून एकटंच फिरतं. मुखवटा थोडा ओबडधोबड असलेला बरा.

शाई इतक्यात लावू नकोस. बाराव्या आणि विसाव्या पानाची ४-४ थंबनेलं, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, पेन्सिलीने काढून पाठव, तळहाताएवढी, फुगे रिकामे ठेवून.