श्टुटगार्टला येणाऱ्या टेस्टरला

तुझ्या निरोपात बरेच प्रश्न होते, म्हणून सविस्तर लिहिते. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग, त्यातली शेवटची काही ऑटोमेशनची, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारा कोड लिहिण्याची. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या एका कंपनीची वर्षाला ६० हजार युरोंची ऑफर. कोडिंगचा वैताग, आणि तरीही ‘तिकडे जाऊन डेव्हलपरच व्हावं का’ हा विचार. जर्मन येत नाही, पण ऑफिसात इंग्रजी चालतं असं एचआरनं सांगितलंय. आणि अगदी शेवटी, जरा संकोचून विचारलेलं: विज्ञानकथा वाचणारी आपली मंडळी इथे सुटली की तिथे कोण? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. पण आधी कागदपत्रं उरकू.

६० हजारांवर ब्लू कार्डाला, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्याला, अडचण येऊ नये. २०२५ साठी पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो होती, आणि आयटीसारख्या माणसांची टंचाई असलेल्या क्षेत्रांना ४३,७५९.८०. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, तेव्हा अर्ज करशील त्या वर्षाचे बघ. तुझं विद्यापीठ आणि पदवी ‘अनाबिन’ या सरकारी माहितीकोशात आजच शोध. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि पदवीही तिथे नोंदलेली असेल, तर ती पानं छापून अर्जाला जोडायची. नसेल तर पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याची फी २०८ युरो आहे, पण खरा प्रश्न त्यात जाणाऱ्या वेळाचा आहे. नोटीस पीरियड सुरू करायच्या आधी हे मार्गी लाव.

तू एकटा येणार, म्हणजे करवर्ग १. वर्षाला ६० हजार म्हणजे कर, पेन्शन, आरोग्य विमा वगैरे सगळं कापून महिन्याला हातात साधारण ३,१०० युरो. घरांच्या जाहिरातीत दिसतं ते बहुतेक वेळा ‘थंड’ भाडं असतं, हीटिंग आणि इतर खर्च त्यावर. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं घेता येतं, त्याहून जास्त कोणी मागितलं तर देऊ नकोस. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला तू तिथे राहतोस असं घरमालकाचं लेखी पत्र लागतं. म्हणून सुरुवातीची तात्पुरती खोली घेतानाच विचार: हा कागद देणार का? नोंदणी रखडली की करक्रमांक रखडतो, आणि तोवर पगारातून कर सगळ्यात चढ्या वर्गाने कापला जाऊ शकतो. पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो.

आता कामाचं. ‘ऑफिसात इंग्रजी चालतं’ हे डेव्हलपरच्या बाबतीत खरं आहे. त्याला तिकीट, म्हणजे कामाची लेखी नोंद, इंग्रजीत मिळतं, कोड आणि रिव्ह्यू इंग्रजीतच होतात. टेस्टरच्या बाबतीत ते अर्धवट खरं आहे, आणि सल्ला देणारे बहुतेक जण डेव्हलपर असल्यामुळे हे कोणी सांगत नाही. आपलं काम विचारण्याचं आहे. हे असं का, असंच हवं आहे का, असं झालं तर काय. ज्यांना विचारायचं ती माणसं इथे जर्मन बोलतात.

माझंच काम सांगते. आमचं सॉफ्टवेअर रुग्णालयांच्या ड्यूट्या लावतं. जर्मन कायद्यानुसार दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती हवी. रुग्णालयांना ती १० तासांवर आणायची मुभा आहे, पण त्याची भरपाई म्हणून महिन्याभरात किंवा चार आठवड्यांत दुसरी एखादी विश्रांती किमान १२ तासांची द्यावी लागते. तिकिटात हे एका ओळीत येतं. प्रत्यक्षात वॉर्डात कोण कोणाशी पाळी बदलतं, फोनवर काय ठरतं, ते सिस्टीममध्ये कधी आणि कोण भरतं, हे मुख्य परिचारिकेला माहीत असतं. ती जे जर्मन बोलते त्यात इथली स्वाबियन बोली मिसळलेली असते. तिच्याशेजारी तासभर बसून जे बग सापडतात ते कुठल्याही टेस्ट प्लॅनमध्ये नसतात. दुभाष्या घेऊन ते सापडत नाहीत, कारण ती जे सहज पुटपुटते तेच दुभाष्या गाळतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की टेस्टरने जर्मन शिकायलाच हवं, आणि भारतातच सुरुवात करायला हवी. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, निघेपर्यंत ए२ जमतंय का बघ (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात). कागदोपत्री फायदाही मोठा आहे. ब्लू कार्डवाल्याला कायमचा परवाना ए१ वर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिने आधी! पण मी सांगतेय ते परवान्यासाठी नव्हे, कामासाठी.

इथलं टेस्टिंग मला का आवडतं तेही सांगते, कारण तुझ्या पत्रात थकवा जाणवला. भारतात घड्याळ कधी मागेपुढे होत नाही, त्यामुळे आपल्याला काही गोष्टी सुचतच नाहीत. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटेचे २ वाजले की थेट ३ होतात, म्हणजे अडीच वाजतच नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अडीच दोनदा वाजतात. रात्री ८ ते सकाळी ६ ची पाळी घे. ४५ मिनिटांची विश्रांती वजा केली की सव्वानऊ तासांचं काम. ऑक्टोबरच्या त्या रात्री तेच सव्वादहा होतं आणि १० तासांची कायदेशीर कमाल मर्यादा ओलांडतं. सॉफ्टवेअरने इशारा द्यायचा की नाही? पगार किती तासांचा? सुट्ट्यांचंही तसंच. त्या राज्यागणिक वेगळ्या, म्हणून कोड राज्याप्रमाणे तक्ता बघतो. पण ८ ऑगस्टची सुट्टी फक्त आउग्सबुर्ग शहराला आहे, उरलेल्या बव्हेरियाला नाही. ‘राज्य’ हा एकच रकाना धरून लिहिलेला कोड तिथे चुकतो. अशी केस सापडली की मला अजूनही दिवसभर उत्साह असतो.

अक्षरांचीही मजा आहे. जर्मन ‘एसझेट’ (ß) हे एक अक्षर कॅपिटल केलं की अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत त्याचे दोन ‘एस’ होतात, म्हणजे नावाची लांबी वाढते आणि काठोकाठ बेतलेला डेटाबेसचा रकाना फुटतो. उम्लाउटचं, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेलं, अक्षर युनिकोड या संगणकाच्या लिपीसंकेतात दोन प्रकारे लिहिता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण तुलना केली की जुळत नाहीत. देवनागरी वापरणाऱ्याला हे पटकन कळतं. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला त्याची लांबी ४ वाटते. मुलाखतीत हे उदाहरण दे. समोरचा माणूस जाणकार असेल तर पुढचा अर्धा तास त्यावरच गप्पा होतील.

आता तुझा वैताग. रात्री हिरवा (पास) असलेला टेस्ट सकाळी लाल (फेल), परत चालवला की हिरवा. तुझ्या मशीनवर पास, सर्व्हरवर फेल. आणि स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ‘तुझं ऑटोमेशन भरवशाचं नाही’ हे ऐकायचं. हे जगात सगळीकडे आहे, देश बदलून सुटणार नाही. कारणंही ठरलेली असतात. पानावरची गोष्ट दिसेपर्यंत थांबण्याऐवजी ‘पाच सेकंद झोप’ असं लिहिलेलं असतं. दोन टेस्ट एकाच युजरचा डेटा वापरतात आणि एकमेकांचा खेळ बिघडवतात. टेस्ट एका ठरावीक क्रमाने चालले तरच पास होतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, तुझं स्थानिक वेळेवर. मी आमच्या टीममध्ये दोन गोष्टींचा आग्रह धरला. प्रत्येक टेस्टने आपला डेटा आपण तयार करायचा, आणि रोज रात्री क्रम उलटापालटा करून सगळे टेस्ट चालवायचे. दुसऱ्या गोष्टीने सुरुवातीला लाल रंगाचा पूर आला, पण लपलेली सगळी अवलंबनं बाहेर पडली. परत चालवून हिरवा करणं मात्र आम्ही बंद केलं. अधूनमधून पडणारा टेस्ट काहीतरी सांगत असतो; कित्येकदा बग टेस्टमध्ये नसून उत्पादनातच असतो, दोन विनंत्या एकाच वेळी आल्या की उघडा पडणारा.

तुझं वर्णन दोनदा वाचलं. मला वाटतं, तुला कोडचा त्रास होत नाहीये, कोणीच न वाचणारा कोड एकट्याने लिहिण्याचा होतोय. डेव्हलपर होण्याआधी नव्या कंपनीला तीन प्रश्न विचार. टेस्टच्या कोडचा रिव्ह्यू होतो का? सकाळी बिल्ड (सगळा कोड जोडून टेस्ट केलेली आवृत्ती) लाल असेल तर दुरुस्त कोण करतं, एकटा टेस्टर की ज्याच्या बदलाने पडला तो? आणि टेस्टर नको म्हणाला तर रिलीज थांबतं का? उत्तरं गुळमुळीत आली तर पगार कितीही असो, दुसरी ऑफर शोध. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. ब्लू कार्डच्या पहिल्या वर्षात नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. आधी विचारलेलं बरं.

तयारी म्हणून दोन गोष्टी कर. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा देऊन ये, इथल्या जाहिरातींत ती वारंवार मागतात. दुसरं, अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंग शीक. २८ जून २०२५ पासून जर्मनीत ऑनलाइन दुकानं, बँकसेवा, ई-बुकं अशा बऱ्याच गोष्टी अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा असणं कायद्याने बंधनकारक झालंय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. तो लावून, माउस बाजूला ठेवून, फक्त कीबोर्डवर तुझ्या सध्याच्या उत्पादनात एक खरेदी पूर्ण करून बघ. काय काय सापडेल बघच. हे काम निव्वळ ऑटोमेशनने होत नाही, माणसाची नजर लागते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आणि हो, प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या ग्राहकांचा, डेटा उतरवून त्यावर टेस्टिंग करायची सवय असेल तर ती तिथेच सोड. युरोपच्या डेटा कायद्याखाली ते महागात पडतं.

आता विज्ञानकथा. तू बरोबर देशात येतोयस. श्टुटगार्टहून एस ६ लोकल धरलीस की शेवटचं स्टेशन वाइल डेर श्टाट. तिथे १५७१ मध्ये योहानेस केप्लर जन्मला. ग्रहांच्या गतीचे नियम आपण शाळेत शिकलो, पण त्याच माणसाने चंद्रप्रवासाची एक कल्पित कथाही लिहिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये छापली गेली. चंद्रावरून आकाश कसं दिसेल याचं गणिती वर्णन त्यात आहे. गावात त्याचं छोटं संग्रहालय आहे, पहिल्याच महिन्यात जाऊन ये.

इथली चाहत्यांची परंपरा जुनी आणि घट्ट आहे. जर्मन सायन्स फिक्शन क्लब १९५५ पासून आहे. वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथेच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन; इंग्रजी न बोलणाऱ्या देशातलं पहिलं १९७० मध्ये हायडेलबर्गला झालं. वेट्झलारला केवळ अद्भुतकथा आणि विज्ञानकथांना वाहिलेलं सार्वजनिक ग्रंथालय आहे, जाशील तेव्हा सबंध दिवस ठेव. आणि ‘पेरी ऱ्होडान’ ही अंतराळकथांची मालिका १९६१ पासून दर आठवड्याला एक पातळ पुस्तिका अशी आजतागायत चालू आहे. दर्जा खालीवर होतो, ते मी कबूल करते. पण भाषा शिकणाऱ्याला तिच्याइतकी उपयोगी वस्तू मला दुसरी दिसली नाही. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, तेच शब्द पुन्हा पुन्हा, आणि पुढे काय झालं हे कळायची ओढ. बी१ च्या आसपास आलास की सुरू कर.

अनेक शहरांत या मालिकेच्या चाहत्यांच्या ठरलेल्या बैठका असतात, महिन्यातून एका संध्याकाळी एखाद्या खानावळीत. माझं बोलणं खऱ्या अर्थाने सुटलं ते अशाच टेबलाशी. ऑफिसात माझं जर्मन अडखळलं की सगळे सौजन्याने इंग्रजीवर येतात. त्या टेबलाशी निवृत्त पोस्टमन, शिक्षिका, लोको पायलट असे लोक असतात. त्यांना इंग्रजीवर यायचं नसतं, प्रकाशापेक्षा वेगवान यानावर वाद घालायचा असतो. आणि वाद घालताना माणूस व्याकरणाची भीती विसरतो. परिचारिकेच्या शेजारी बसायची हिंमत मला तिथून आली.

मराठीत विज्ञानकथा आहेत का, असं ते विचारतात. मी त्यांना जयंत नारळीकरांबद्दल सांगते: केंब्रिजहून १९७२ मध्ये परत आलेला खगोलशास्त्रज्ञ, ज्याने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. केप्लरच्या गावाशेजारच्या माणसांना हे ऐकून मनापासून आनंद होतो.

प्रवासाचं एक ध्यानात ठेव. ब्लू कार्डवर शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) फिरता येतं, त्यामुळे युरोकॉन, म्हणजे विज्ञानकथांचं युरोपीय संमेलन, अशा देशात असेल तर तिकीट काढायचं आणि जायचं. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तिथे कॉन असेल तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो, त्याचा अर्ज काही महिने आधी कर.

सामानात मराठी पुस्तकं भरपूर आण, ती इथे मिळत नाहीत. इंग्रजी पुस्तकं आणू नकोस, श्टुटगार्टच्या शहर ग्रंथालयात ती आहेत. करार सही करण्याआधी मला पाठव, प्रोबेशन आणि कामाच्या तासांची कलमं मी बघते. आणि त्या तीन प्रश्नांची काय उत्तरं आली ते कळव.