इटलीत पडलेल्या आजोबांचे नाव कोठे शोधावे?

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते आणि १९४४ साली इटलीत मारले गेले, एवढेच आमच्या घरात ठाऊक आहे. देह गावी आला नाही, तिकडे थडगेही नसावे. गावात त्यांच्या नावाचा दगड बसवावा असे मला वाटते. पण इंग्रजांच्या लढाईत गेलेल्याचे स्मारक कशाला, असे भाऊबंद म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : थडगे नसले म्हणजे नोंदही नसेल, असे समजू नये. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. त्यांपैकी ज्यांचे तेथेच दहन झाले, त्यांची नावे सांग्रो नदीकाठच्या, रिमिनीच्या आणि फोर्लीच्या दहन-स्मारकांवर कोरलेली आहेत. ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ताच लागला नाही, त्यांची कासिनोच्या स्मारकावर. ही सारी यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात पडलेल्यांची थडगी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. मात्र शोधताना जिल्हा रायगड नव्हे, तर त्याचे तेव्हाचे नाव, कुलाबा, धरावे आणि आडनावाची इंग्रजी अक्षरे चारदोन प्रकारे लावून पाहावीत, कारण पलटणीच्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले गेलेले असण्याचा संभव फार. नोंद सापडलीच, तर नाव, हुद्दा आणि क्रमांक यांच्यापुढे पुष्कळदा आईवडिलांची नावे आणि गावही दिलेले असते. ओळख पटवायला त्याहून भक्कम पुरावा नाही.

भाऊबंदांच्या आक्षेपाबद्दल थोडे स्पष्टच लिहितो. युद्ध कोणाचे होते हा वाद खरा आहे आणि तो जरूर घालावा; पण तो बाविशीतल्या पोराच्या नावावर घालू नये. तुमच्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे पाहा. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधल्या (३/५) एका तुकडीचे ते नायक होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे ठार वा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मोर्चावर धावून गेले. बॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझीन बदलायला उसंत नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश लष्करातले सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि त्यांचे नाव आहे ते कासिनोच्याच स्मारकावर. ज्या मोंतोने परिसरात ही लढाई झाली, तेथील लोकांनी २०२३ साली त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले. परक्या मुलखाला हे सुचते आणि आपण मात्र लढाई कोणाची होती हेच धरून बसतो, हे मला पटत नाही.

दगडावर ‘शहीद’, ‘अमर’ अशी विशेषणे न घालता नाव, वडिलांचे नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि इटलीतील स्मारकाचे ठिकाण एवढेच कोरावे. कमिशनच्या नोंदीत नाव चुकले असेल, तर घरातली जुनी कागदपत्रे, पेन्शनचे कागद असल्यास तेही, जोडून दुरुस्तीसाठी लिहावे. आणि दगड त्याचे उत्तर आल्यावरच घडवायला द्यावा.