रँकिंग पाहू का सातबारा?

प्रश्न : नमस्कार दादा, मी दारव्हा तालुक्यातला. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री झालं, आता एमएस्सीला बाहेर जायचं म्हणतो. तीन नावं डोक्यात आहेत, जर्मनीचं होहेनहाइम, नेदरलँड्सचं वागेनिंगेन आणि इंग्लंडचं एक, जिथून ऑफर आलीपण आहे, फी २४ हजार पौंड. नागपूरचा कन्सल्टंट म्हणते इंग्लंडच घे, रँक भारी आहे, एका वर्षात मोकळा होशील. बाबा म्हणतात वावर गहाण टाकू पण जाय. सात एकर आहे, कापूस अन् तूर. कोणत्या हिशोबानं ठरवावं ते समजून नाही राहिलं.

उत्तर : आधी बाबांचं बोलू. वावर गहाण टाकू म्हणणारा बाप मोठ्या मनाचा, पण एज्युकेशन लोनला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेतच नाहीत, कारण कर्ज थकलं तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली त्यांना शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. त्यांना लागते एनए प्लॉट, घर नाही तर एफडी. गावठाणातलं घर असेल तर ड्रोन मोजणीवालं प्रॉपर्टी कार्ड निघालं का ते ग्रामपंचायतीत विचारजो, नुसत्या नमुना आठवर काम भागेल असं धरून चालू नको. म्हणजे कॉलेजं तोलायच्या आधी तालुक्याच्या ब्रँचला जा अन् तारणावर किती निघतात तो आकडा घेऊन ये, अर्धी लिस्ट तिथंच गळते.

आता रँक. क्यूएस म्हणजे जगभरच्या विद्यापीठांची रँकिंग काढणारी कंपनी, तिच्या जनरल यादीत ३० टक्के मार्क प्राध्यापक लोकांच्या मताला अन् १५ टक्के कंपन्यांच्या मताला, म्हणजे जवळपास अर्धा खेळ नावलौकिकाचा. तुझ्या डिपार्टमेंटला प्लॉटवर काय चालू आहे त्याचा त्यात पत्ता नाही. वागेनिंगेनच पाहा ना, जनरल यादीत पहिल्या शंभरातही नाही, पण शेतीच्या विषयवार यादीत कित्येक वर्षं एक नंबरला. कापसाचं कसं राहते, व्यापारी भाव सांगते मोठा अन् ओलावा कापून हातात काय पडते ते पट्टी पाहिल्यावरच कळते, तसंच आहे हे. रँक खरी कामाची एका जागी, राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला, कारण तिथं क्यूएस रँकची अट असते. समाजकल्याण, ओबीसी बहुजन कल्याण, सारथी, तुझ्या प्रवर्गाला जे लागू असेल त्याची या वर्षीची जाहिरात स्वतः वाच. मागच्या वर्षीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहते तिच्यावर जाऊ नको.

पैशाचं सांगतो. पौंड ११५-१२० रुपये धरला तर तुझी नुसती फीच २८ लाखांच्या घरात जाते, अन् समजा साडेदहा टक्क्यानं दहा वर्षांसाठी एवढंच लोन घेतलं तरी महिन्याचा हप्ता ३८ हजाराच्या आसपास, राहणं-खाणं त्याच्याबाहेर. वागेनिंगेन तर वर्षाला वीस हजार युरोच्या वर घेते अन् कोर्स दोन वर्षांचा, स्कॉलरशिप नसेल तर विसरून जा. होहेनहाइमला बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा २०१७ पासूनचा नियम आहे, बाहेरच्या पोरांना सेमिस्टरला १५०० युरो, म्हणजे चार सेमिस्टरचे ६ हजार. तुझ्या लिस्टमध्ये नाही पण गॉटिंगेन टाक, तिथंही शेतीची चांगली फॅकल्टी आहे अन् ते दुसऱ्या राज्यात येते, तिथं ही फी नाही. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात, बारा लाख होतात, आकडा पाहून बाबा दचकतील, पण ती फी नाही, ते तुझेच पैसे आहेत, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे खर्चाला तुलाच मिळतात.

आता जे कोणी पाहत नाही ते. प्रत्येक कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार सगळा अभ्यासक्रम, वेबसाइटवर असते, ते डाउनलोड कर अन् रात्री बसून ओळ न् ओळ वाच. थीसिसला किती क्रेडिट, इंटर्नशिप आहे का नाही. वागेनिंगेनला दुसरं वर्ष साधारण त्यातच जाते, ३६ क्रेडिट थीसिस अन् २४ इंटर्नशिप. इंग्लंडच्या एका वर्षात थीसिस बहुतेक उन्हाळ्याच्या तीनेक महिन्यांत उरकावी लागते, एक पीकसुद्धा धड पेरणीपासून काढणीपर्यंत पाहणं होत नाही. मग मास्तरांची नावं घे अन् त्यांचे अलीकडचे पेपर पाहा. जर्मनीत कापूस होत नाही, बोंडअळी शिकायला तिकडे कोणी जात नाही, पण ब्रीडिंग, माती, कीटकशास्त्र यात तुला काय करायचं ते आधी तुझ्याजवळच ठरलेलं पाहिजे, नाही तर कोणतंही कॉलेज चांगलंच वाटते. (होहेनहाइम निघालं कसं माहीत आहे का, १८१५ ला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी मेले, तेव्हा तिथल्या राजानं १८१८ ला ही शेतीशाळा काढली. नापिकीतून निघालेलं कॉलेज आहे ते.)

शिकून झाल्यावर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने, नेदरलँड्सला एक वर्ष. इंग्लंडला दोन वर्षं होती, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच.

माझं म्हणशील तर होहेनहाइम अन् गॉटिंगेनला अर्ज टाक, वागेनिंगेन स्कॉलरशिप मिळाली तरच, अन् इंग्लंडची ऑफर सोडून दे, कन्सल्टंटला राग आला तर येऊ दे. एपीएस सर्टिफिकेटचं, म्हणजे तुझी डिग्री-मार्कशीट तपासून जर्मनीवाले देतात त्या दाखल्याचं, मात्र आजच लाग, १८ हजार रुपये लागतात अन् त्याशिवाय जर्मनीचा व्हिसा नाही. जर्मन भाषेचा क्लासपण लाव, कोर्स इंग्रजीत असला तरी पार्टटाइम कामाला ती लागतेच.

प्रश्न : पोरीला एजंटनं बर्लिनचं प्रायव्हेट कॉलेज सांगितलं, वर्षाला १२ लाख. जर्मनीत तर फुकट असते ना? (एक आई, खामगाव)

उत्तर : बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही ताई, पण सगळीकडे फुकट असंही नाही, म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं २०२४ पासून बाहेरच्यांना सेमिस्टरला २ ते ६ हजार युरो लावले. प्रायव्हेटवाले मात्र एजंटला कमिशन देतात, म्हणून तीच नावं आधी निघतात. अनाबिन नावाचा तिकडचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात कॉलेजचं नाव टाका, समोर एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, नसेल तर विषय तिथंच संपला. असलं तरी डाड (DAAD) या जर्मनीच्या विद्यार्थी देवाणघेवाण संस्थेच्या वेबसाइटवर इंग्रजी कोर्सची यादी आहे, त्यात ट्यूशन फी नसलेले कोर्स वेगळे काढता येतात. पोरीला ती यादी काढायला लावा, अन् मगच एजंटकडे जा.