अमेरिकेतली दुकानं ऑक्टोबरातच ख्रिसमसचा माल का मांडतात? तुम्हाला हे खटकत नाही का?

खटकतं. इथल्या एका मोठ्या दुकानात 2012 आणि 2013 असे दोन सीझन मी काम केलंय, त्यामुळे हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलंय.

तुम्ही लिहिलंय की हॅलोविनचे (31 ऑक्टोबरच्या सणाचे) भोपळे विकले जायच्या आधीच शेजारच्या रांगेत ख्रिसमसची झाडं दिसली. आम्हीही तेच करायचो. सजावटीचा बराच माल समुद्रमार्गे येतो. तो कित्येक महिने आधी मागवलेला असतो आणि उन्हाळा सरता सरता कंटेनर यायला लागतात. मग गोदामात पाय ठेवायला जागा राहत नाही. 26 डिसेंबरपासून तोच माल पडत्या भावात काढावा लागतो, म्हणून पूर्ण किमतीत विकायला जितके जास्त आठवडे मिळतील तितके हवे असतात. शिवाय धास्ती ही, की आपण थांबलो तर गिऱ्हाईक पैसे दुसरीकडे खर्च करून मोकळं होईल.

ही घाई जुनीच आहे. ख्रिसमसची खरेदी थँक्सगिव्हिंगनंतर सुरू करायची, असा पूर्वी प्रघात होता. थँक्सगिव्हिंग म्हणजे घरच्यांनी एकत्र जेवायचा कृतज्ञतेचा सण; तेव्हा तो नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा. 1939 साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि थँक्सगिव्हिंग थेट 30 तारखेला येणार होतं. व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी ते मानलं, काहींनी नाही. शेवटी 1941 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवून टाकला.

मला मात्र खरं दुःख वेगळ्याच गोष्टीचं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘खरेदी लवकर उरका’ असं लोकांना विनवत होत्या त्या फ्लॉरेन्स केली आणि त्यांची नॅशनल कन्झ्युमर्स लीग, म्हणजे कामगारांसाठी झटणारी माणसं. डिसेंबरात दुकानांतल्या मुली आणि सामान पोचवणारी पोरं रात्री उशिरापर्यंत राबायची. गिऱ्हाइकांनी आधी खरेदी केली तर त्यांना जरा उसंत मिळेल, एवढंच मागणं होतं. आज खरेदी लवकर सुरू होते, पण उसंत कुणाला? दोन्ही वर्षी आमची डिसेंबरची गर्दी तसूभरही कमी वाटली नाही. ऑक्टोबरच्या रात्रपाळ्या तेवढ्या वाढल्या. 2013 मध्ये तर दुकान थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळीच उघडलं. माझ्यासोबतच्या कॅशियरबाई घरच्या जेवणावरून उठून आल्या होत्या. त्यांची मुलगी त्याच दिवशी, वर्षातून एकदाच, भेटायला यायची. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत त्या दिवशी मोठी दुकानं उघडायला कायद्यानंच मनाई आहे. तशी ती सगळीकडे हवी, असं मला मनापासून वाटतं. 2020 च्या साथीत बऱ्याच मोठ्या साखळ्यांनी तो दिवस बंद ठेवला आणि पुढेही पाळला, हे फार चांगलं झालं.

खेळणी आणि भेटवस्तू लवकर विकायला माझी हरकत नाही. दर पगाराला एकेक वस्तू घेऊन ठेवणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. डिसेंबरात सगळा खर्च एकदम त्यांना झेपत नाही. पण त्यासाठी दिवे आणि गाणी कशाला? दिवसाचे आठ तास, दोन महिने तीच गाणी कानावर आदळत राहिली की सणाच्या दिवशी ती लावायची इच्छाच उरत नाही. नॉर्डस्ट्रॉमसारखी मोठी दुकानसाखळी वर्षानुवर्षं आपली सजावट थँक्सगिव्हिंग झाल्यावरच लोकांसमोर आणायची, म्हणजे धंदा सांभाळून थांबता येतं.

आणि चर्चच्या पंचांगात ख्रिसमस 25 डिसेंबरला सुरू होतो, पुढे बारा दिवस चालतो. आम्ही 26 च्या सकाळी झाडं उतरवून तिथे व्हॅलेंटाइनची लाल हृदयं लावत होतो.